मास, साल, हात

१० एप्रिल २०२५

विहीर पालथी आली!

तेजलने आज लॅपटॉपवर आपल्या विहिरीचं चित्र काढून दाखवलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. माझ्या वह्यांतले बावीस वर्षांचे आकडे तिने आठवडाभर बसून भरले — दर संकष्टीला काठापासून पाणी किती हात खोल, ते. सासूबाईंनी घालून दिलेला नेम. दोरीला दगड बांधून पाण्याला टेकेपर्यंत सोडायचा, वर ओढली की सुकी दोरी कोपरापासून बोटापर्यंत हातावर मोजायची.

मला वाटलं एखादी वाकडी रेघ असेल. तर चित्राला लांबी, रुंदी आणि उंचीसुद्धा! "आई, देव्हाऱ्याचा कोपरा बघ. खाली जमिनीच्या दोन कडा, एक भिंतीची उभी. तशा ह्या तीन रेघा. अक्ष म्हणतात. एकावर महिना, दुसऱ्यावर वर्ष, उभ्यावर पाण्याची खोली." समजलं. तो कोपरा रोज पुसते मी.

पण मे महिना डोंगरासारखा वर आणि श्रावण खड्ड्यात! म्हटलं, "अगं, मे महिन्यात पाणी तळाला जातं. विहीर पालथी घातलीस की!" हसत सुटली. खोली वाढली की आकडा वाढतो, आणि संगणकाच्या पायथन भाषेतली तिची चित्रं काढायची लायब्ररी मोठा आकडा वरच मांडते. एक ओळ लिहून उभा अक्ष उलटा केला. विहीर सुलट.

मॅट्रिक झालेल्या आईला लेक विचारते, आणि ऐकते. देवा, तुझे उपकार.

११ एप्रिल

अक्षांची नावं मराठीतच हवीत — हट्ट तिचा. आधी नुसते रिकामे चौकोन आले. फाँट बदलला तर अक्षरं आली, पण ‘महिना’ची वेलांटी ‘ह’ला सोडून ‘ना’जवळ जाऊन बसली, ‘वर्ष’चा रफार भलतीकडे. तासभर डोकं धरून बसली पोर. म्हटलं, "पहिली वेलांटी नको, रफार नको, असे शब्द घाल ना. मास, साल, हात." लगेच बसले! "आई, तू ग्रेट आहेस." घ्या!

१२ एप्रिल, हनुमान जयंती

ह्यांनी चित्र पाहिलं. २०१७ पासून पाणी एकदम खाली, पायरी उतरल्यासारखं. अडीच हात.

"त्याच साली धर्माने बोअर मारली," हे म्हणाले. "हा घे पुरावा!"

धर्माजी भाऊजी ह्यांचे चुलतभाऊ. कुंपणापलीकडची चिकूची वाडी त्यांची. माझ्या वहीतला आकडा ऐकूनच तेव्हा भांडण झालं. आठ वर्षं बोलणं नाही. त्यांची बायको मंदा बाजारात दिसली तरी मान फिरवते. मीही फिरवते. एकेकाळी आम्ही दोघी एका पाटावर पापड लाटायचो.

१ मेच्या ग्रामसभेत हे चित्र लावणार, बोअर बंद करा म्हणणार. अर्ज लिहून तयार. भाऊजींची सगळी चिकूची झाडं त्या बोअरवर!

"बाबा, आधी सरांना दाखवू द्या," तेजल म्हणाली. देवाने बुद्धी दिली तिला.

१५ एप्रिल

तेजल पालघरच्या कॉलेजातून आली ती टेप शोधतच. सर म्हणाले म्हणे, "अक्षावर नुसतं ‘हात’ लिहून चालत नाही. हात म्हणजे किती? आणि कोणाचा?"

माझा मोजला. बेचाळीस सेंटिमीटर. ती लिहून घेत होती आणि मला एकदम आठवलं. २०१७ पर्यंत सासूबाई मोजायच्या, मी फक्त लिहायची. त्यांचे गुडघे धरले म्हणून दोरी माझ्याकडे आली. त्याच साली!

सासूबाई खाटेवरून हसल्या. "माजा हात कशाला मापतेस गं? बांगड्या करतेस का काय?"

अठ्ठेचाळीस!

त्यांचे अठरा हात आणि माझे साडेवीस — पाणी तेच. तेजलने समजावलं तर म्हणतात, "म्हंजे तुजी आय बुटकी, म्हणून इहीर खोल!"

तेजल खो खो हसली. मला हसू आलं नाही.

१६ एप्रिल, संकष्टी

ह्यांना सांगितलं नाही. चंद्र उगवला तरी घास उतरला नाही.

१७ एप्रिल

सांगितलं.

तेजलने सगळे आकडे मीटरमध्ये करून नवं चित्र समोर धरलं. पायरी गेली. बावीस वर्षं पाणी जवळपास तिथल्या तिथे. ह्यांनी विचारलं,

"नीट मोजला हात?"

"तीनदा."

"आणि आयचा?"

"त्यांचाही."

"आठ वर्षं मी त्याला पाणीचोर म्हटला. चारचौघांत."

"चूक माझ्या हाताची."

"तू आकडा सांगितलास. चोर मी म्हटला."

ओरडले नाहीत. अर्ज फाडायला निघाले, मी काढून घेतला. मागची बाजू कोरी आहे, यादीला होईल.

कधी न पाहिलेल्या त्या सरांना मनातून हात जोडले. ‘कोणाचा’ असं विचारलं नसतं तर?

२६ एप्रिल

प्रकल्प छान झाला! कॉलेजच्या प्रदर्शनात तेजलने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली होती. म्हटलं, "चुकीचं कशाला लावलंस?" "आई, सगळे त्याच्यापुढेच थांबत होते."

हे अजून भाऊजींकडे गेले नाहीत. पाय उचलत नाही म्हणतात.

१ मे

ग्रामसभेत हे उभे राहिले. चित्र वर धरलं, म्हणाले, "धर्माने पाणी घेतलं नाय. मोजण्यात चूक आमची." मागून कोणीतरी, "बायकोचा हात आखूड, आणि दोष भावाला!" सगळे हसले. हेही हसले, कान लाल करून. भाऊजी उठून गेले.

माफी मागायचं बळ दिलंस, महालक्ष्मी आई. पुढचं तुझ्या हाती.

२ मे

सकाळी मंदा आली. दोन रिकामे हंडे घेऊन, दारातच उभी. म्हणाली, त्यांची बोअर दिवाळीपासून खारी झालीय. प्यायला टँकर, झाडांना काहीच नाही — आणि पाणीचोर म्हटलेला माणूस आमच्या विहिरीवर कसा येणार? हंडे मी भरले.