शनिवारचा कान

हांबुर्ग, ३ ऑक्टोबर १९७१

ति. वाल्बुर्गाताईस, सा. न. वि. वि.

काल शेजाऱ्यांकडे जेवायला गेलो आणि आपल्या घरच्या खोडीने ताट उलटं करून कोणत्या कारखान्याचा शिक्का आहे ते पाहिलं. ताटात सूप होतं. बायको अजून माझ्याशी बोलत नाही.

आपल्या चिनी मातीच्या ताटांच्या कारखान्याच्या विक्रीच्या कागदावर माझी सही झाली, तुझी राहिली. घेणारे आपलं नाव तेवढं कायम ठेवतील आणि भट्ट्या विझवतील, हे मलाही कळतं. पण ताई, एकोणसत्तराव्या वर्षी अजून किती दमणार आहेस?

तुझा धाकटा,
आन्सेल्म

ओबरनबाख, १० ऑक्टोबर

चि. आन्सेल्म, अ. उ. आ.

सुपाचं वाचून खूप दिवसांनी हसले. बायकोची माफी माग.

सही करणार नाही. पणजोबांनी कारखाना काढला तेव्हाच नियम घातला, की दर शनिवारी घरच्याच माणसाने एकेक ताट टिचकी मारून ऐकायचं. खणखणीत वाजलं तर बाजारात, बद्द वाजलं तर अंगणात हातोड्याखाली. एकशे बारा वर्षांत आपण तडकलेलं ताट विकलं नाही. माझा कान आहे तोवर भट्टी पेटेल. गुडघ्यांचं विचारू नकोस.

माया आहेच,
वाल्बुर्गा

ओबरनबाख, ७ नोव्हेंबर

चि. आन्सेल्म, अ. उ. आ.

काल पहिलं ताट बद्द वाजलं. दुसरंही. भट्टी बिघडली असं समजून मी फोडत सुटले. एक्केचाळिसाव्या ताटाला योब्स्टने माझा हात धरला. तीस वर्षं मुकादम आहे, कधी हात लावला नव्हता. म्हणाला, मालकीणबाई, पुरे करा, ताटं चांगली आहेत. तो पुष्कळ मोठ्याने बोलत असावा, कारण अंगणातले सगळे वळून पाहत होते.

सही केलेला कागद सोबत आहे. एक ताटही पाठवते आहे. टिचकी मारून बघ आणि कसं वाजतं ते खरं कळव.

दमलेली,
वाल्बुर्गा

हांबुर्ग, १४ नोव्हेंबर

ति. ताईस, सा. न. वि. वि.

ताट मिळालं. चर्चच्या घंटेसारखं वाजतं. कागद पुढे पाठवला नाही, माझ्या खणात आहे. यापुढे दर शनिवारी मी येईन. हातोडा तुझा, कान माझा. पणजोबांचा नियम मोडत नाही, मीही घरचाच.

प्रेम आहे ते राहू दे,
आन्सेल्म

ओबरनबाख, १८ नोव्हेंबर

चि. आन्सेल्म, अ. उ. आ.

ते ताट तडकलेलं होतं. मीच योब्स्टकडून मुद्दाम तसं निवडून घेतलं होतं.

रागावले नाही. लहानपणीही माझी करपलेली भाकरी तू छान म्हणून खायचास. पण तुझ्या जागी पणजोबा असते तर त्यांनी ते फोडलं असतं. मीही फोडलं असतं, अगदी तुझ्यादेखत. माया असलेला कान या कामाचा नाही रे.

कागद पोस्टात टाक. शनिवारी ये मात्र, जेवायला. सूप करते. आणि ताट उलटं करू नकोस, शिक्का आपलाच आहे.

तुझी,
वाल्बुर्गा