शेंदराची जागा

७ मार्च १९८९, डोकमर्डी

आजही नाही! कालव्याचं गेट उघडलं, पाणी निघालं — आणि खेरडीच्या अलीकडेच तुंबलं. काठावरून वाहायला लागलं तसा गेट बंद करायला धावलो. पुढे चारी कोरडी ठणठणीत. टोकाच्या शेतात पुतळाबाई उभी. तिने विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी भात लावलं, पुढचं माझ्या शब्दावर. आता विहीर तळाला गेली. "येल ना पाणी, सायेब?" येईल म्हणालो. तोंड वर करून!

८ मार्च

सापडलं. लेव्हलच्या दोन खुंट्यांच्या मध्ये चारीचा तळ चक्क वर आलाय, त्यावर गुळगुळीत काँक्रीट. मी लेव्हल घेतली ती खुंट्यांपाशी, मधलं बघितलंच नाही. मुकादम समाधानला धरलं. धुळ्याकडचा माणूस, लपवाछपवी करत नाही. "शेंदूर लागलेली जागा होती, साहेब. गावाचा वाघदेव. तिथं कुदळ कशी मारू?" म्हणून तेवढी माती तशीच ठेवली आणि वरून अस्तर केलं. नारळही फोडला म्हणे!

कंत्राटदार म्हणतो, गुपचूप उडवा. खेरडीत कळलं तर दंगा होईल.

११ मार्च

फोडायला कोणी तयार नाही. वासोण्याहून मजूर आणले, ते जागा पाहून परत गेले. बाजूने वळवावं तर सागाचं जंगल, तोडायची परवानगी नाही. भात पिवळं पडायला लागलंय.

१३ मार्च

शेवटी स्वतःच कुदळ घेतली. मी कसला देव मानतोय! पण हात वर नेला आणि बायको, ज्योती, डोळ्यांपुढे आली — सातवा महिना, आणि गेल्या खेपेला मूल गेलं ते सगळं. कुदळ ठेवली. काठावर बसून रडलो, चक्क रडलो. पुतळाबाई भेटू नये म्हणून लांबच्या वाटेने घरी आलो.

१४ मार्च

आजही नाही झालं माझ्याने.

१७ मार्च

पुतळाबाईने वाळलेल्या भातात गुरं सोडली. मला राहवेना. बांधावर गेलो, हात जोडून सगळं सांगून टाकलं. आता शिव्या देईल, गाव गोळा करेल — करू दे! पण ती म्हणाली,

"वाघदेव? त्याला तर पाटाची आखणी झाली तवाच मोहाच्या झाडाखाली नेला आम्ही. वाजवत नेला. तिथं आता काय नाय. आम्हाला इचारायचा ना, सायेब!"

१८ मार्च

सकाळी समाधानने फोडलं. दुपारी खेरडीला पाणी पोचलं. पुतळाबाईच्या शेतात गुरं होती, ती प्यायली.