कालवांच्या दोऱ्या

भाईंदर, गुरुवार

प्रिय समिधा,

येत्या सोमवारी अहवाल देऊन तू संशोधन सोडणार आणि जवळच्या चेणे गावच्या शाळेत शिकवायला लागणार, असं कळलं. सत्यवतीआत्या खुश आहे. "किड्यांना घर शोधत व्हती, आता सोताचं बघंल," म्हणाली.

धक्क्यावर बसून तू मला कालवाच्या पिल्लाबद्दल सांगितलं होतंस. डोळ्यांना न दिसणारं ते पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात भटकतं, मग खाली उतरून इवल्या पायाने दगड चाचपतं. पसंत पडला नाही तर पुढे जातं. आपल्या जातीच्या शिंपल्यांचा माग लागला की तिथेच चिकटतं, आणि तो पाय नाहीसा होतो. पुढे जन्मभर हलणं नाही. मी विचारलं, एवढ्याशा जिवाला ही अक्कल दिली कुणी? "बाबा, तेच तर शोधतेय," म्हणत तू हसलीस.

जुन्या शिंपल्यांच्या बारा दोऱ्या तू माझ्या होडीजवळ बांधल्यास. "धुवू नका हं, त्या बुळबुळीतपणावरच ती येतात," असं बजावलंस. दर पौर्णिमेला हॉस्टेलवरून यायचीस, भिंग लावून बघायचीस. दोन हंगामांत एकही पिल्लू नाही. शेवटच्या वेळी चिखलातच बसलीस आणि म्हणालीस, माझं डोकंच या कामाचं नाही. मी तुला चहा आणून दिला.

पिल्लं येत होती, समिधा. तू म्हणालीस तशीच, शिंपल्यांना गच्च धरून, मोहरीएवढी झालेली. तू येण्याच्या आदल्या दिवशी ओहोटीला मी दोऱ्या वर ओढायचो आणि होडीचं बूड घासायच्या तारेच्या ब्रशने सगळी खरवडून टाकायचो. आधी एकवीरेचं नाव घ्यायचो. कुठलंही काम मी तसंच सुरू करतो. तुझी आई गेली, आणि हे काम जमलं असतं तर तू परदेशी गेली असतीस.

काल तू मोबाइलवर पाठवलेलं अहवालाचं शेवटचं पान शेजारच्या भूपेशने मला मराठीत सांगितलं. 'दोऱ्यांची निगा माझ्या वडिलांनी प्रामाणिकपणे राखली, म्हणून इथे पिल्लं येत नाहीत या निष्कर्षाबद्दल शंका नाही.' ती ओळ खोड. तेवढ्यासाठीच लिहितोय, देवापुढे माझ्या नावावर खोटं नको. बाकी अहवालाचं तू बघ. माफी मागत नाही. तू घरी येणार म्हणून परवा तुझ्या खोलीला रंग दिला, आणि तो देताना मी सुखात होतो.

तुझाच,
बाबा