उंच चिमणीचा परवाना

ता. १२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आ. वि. वि.

ओतशाळेच्या भिंतीला पाठ लावून राहणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांनो, आपण खिडक्या लावून जेवतो, तोंडावर फडकं घेऊन झोपतो, आणि परवान्याच्या कागदावर मात्र आपली हवा स्वच्छ! काल प्रदूषण खात्याच्या सुनावणीत मी अशी सुरुवात केली आणि मागच्या रांगेतले लोक बाकांवर चढले. तुझी ही ताई नावाची तोफ अजून गंजलेली नाही रे.

ओतशाळेच्या लोखंड वितळवणाऱ्या भट्टीचा परवाना संपत आला होता. तो वाढवून हवा असेल तर गल्लीची हरकत मिटवा, असं खात्याने मालकाला बजावलं होतं. मालकाने दोन उपाय पुढे केले. एक, भट्टीला धूळ गाळणारं यंत्र. ते मागवून बसवायला वर्ष जाणार. दुसरा, चिमणी दुप्पट उंच करायची. ती दोन महिन्यांत उभी. मी म्हटलं, वर्षभर थांबायला आमच्याकडे फुप्फुसं शिल्लक नाहीत. खात्याचे इंजिनिअर मध्येच म्हणाले, की यंत्र धूळ पकडतं, उंच चिमणी ती नुसती लांब नेऊन टाकते. मी तिथल्या तिथे सुनावलं, की लांबच्यांचं काय ते लांबचे बघून घेतील! सभागृह हसून हसून बेजार. इंजिनिअर पुढे काय बोलले ते कुणाला ऐकूच आलं नाही. सगळे हात वर झाले, चिमणी ठरली.

आमच्या भावजयबाईंना सांग, नणंद जिंकली. तुझी लाँड्री कशी चाललीय? दोन ओळी तरी खरडत जा. लोभ आहेच, पण पत्राने तो ताजा राहतो.

तुझी,
ताई

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र इस्त्रीवाल्या बायकांना वाचून दाखवलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टेकडीच्या या अंगाला तुझा आवाज पोचत नाही हे आमचं नशीब, असं तुझी भावजय म्हणाली. मायेनेच म्हणाली.

उत्तराला उशीर झाला, कारण इथे एक कटकट मागे लागलीय. दवाखान्याच्या चादरी दोरीवर वाळल्या, की त्यांच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. झटकायला जावं तर फराटा उठतो. आधी वाटलं पाणी खराब, म्हणून टाकी घासली. मग साबण बदलला. शेवटी राग काढला तो तुझ्या भावजयीवर. चार बायकांसमोर म्हणालो, की तोंड चालतं तेवढे हात चालत नाहीत. तेव्हापासून माझा चहा बशीशिवाय येतो, एवढंच.

दवाखान्याच्या मुकादमाने एकदा सांभाळून घेतलं. पुन्हा घेईल असं वाटत नाही. त्या चादरी गेल्या तर लाँड्रीत उरतात चार लोकांचे सदरे, आणि इस्त्रीवाल्यांना घरी बसवावं लागेल. तुला काही सुचलं तर कळव. तब्येत जप, घसा त्याहून जप.

तुझा,
धाकटा

ता. १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आ. वि. वि.

सुचायचं काय त्यात? कामाला शिस्त नाही, दुसरं काय! लहानपणी तुझी पाटीसुद्धा मीच पुसायचे. कपडे दोन पाण्यांतून काढ, दोऱ्या पुसून घे, आणि बायकोवर ओरडण्याआधी तिची माफी माग. नंतर मागायला फार जड जातं.

आमच्याकडे चिमणी उभी राहिली आणि गल्लीचा नूरच पालटला. गच्च्यांवर पांढरे कपडे वाळतायत. समोरच्या शिंपिणीने मशीन पुन्हा ओट्यावर आणलं. मालकाला आता त्याच चिमणीवर दुसरी भट्टी जोडायचीय, त्याचा परवाना मागितलाय. आमच्या गल्लीची हरकत नाही, असं मी सगळ्यांच्या वतीने सांगून टाकलं. न्यायाने वागणाऱ्याशी आपणही न्यायाने वागावं. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहू नको, असं तुझ्या भावजयीने बजावलंय. तरी लिहितोय. तिच्याआड मी पुष्कळ लपलो.

परवा ती एकटीच टेकडीवर चढली. खाली आली आणि मला हाताला धरून वर घेऊन गेली. तिथून तुमची चिमणी दिसते. धूर सरळ वर जातो, वाऱ्याने कलतो, टेकडी ओलांडतो आणि आमच्या दोऱ्यांवर उतरतो. तिने नुसतं बोट दाखवलं. माफी मागायची तर इस्त्रीवाल्यांसमोरच मागायला हवी होती. मी ती टेकडी उतरताना मागितली, कुणी ऐकणार नाही अशा जागी. माझी लायकी तेवढीच.

आता चादरी खोलीत वाळवतोय. ठिपके गेले, पण ओलसर कुबट वास येतो, आणि आजाऱ्याच्या अंगाखाली ते त्याहून वाईट. महिनाअखेर कपडे नीट आले नाहीत तर काम दुसरीकडे जाईल, असं मुकादमाने सांगितलंय.

ताई, तुला दोष देत नाही. तुझी गल्ली मोकळा श्वास घेतेय आणि ते तू मिळवलंस. तिथे कुणाला हे सांगू नकोस, तुझी मान खाली जाईल. आम्ही बघू काहीतरी. राग धरला असं समजू नकोस. धरता येत असता तर परवाच लिहिलं असतं.

तुझा,
धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,

नेहमीसारखे अनेक आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. एकच पाठवते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी खात्यात गेले. इंजिनिअरनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी तेव्हा सांगत होतो, एवढं जरी ते म्हणाले असते तरी बरं वाटलं असतं. म्हणाले नाहीत. मला दुसऱ्या भट्टीला हरकत घ्यायचीय, असं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, की तुमच्या गल्लीत आता धूर येतो का. मी नाही म्हटलं. मग ते हळूच म्हणाले, की हरकत तुम्हाला घेता येणार नाही. धूळ ज्याच्या दारात पडते त्याने स्वतः उभं राहून सांगावं लागतं. जन्मात मला कुणी खाली बसवलं नव्हतं. त्या नियमाने बसवलं.

मग गल्ली गोळा केली. तुझं नाव सांगितलं, चादरी सांगितल्या. शिंपीण म्हणाली, झालं ते झालं, आता कशाला उकरता. आणि मागून कुणीतरी माझंच वाक्य माझ्याकडे फेकलं, की लांबच्यांचं काय ते लांबचे बघून घेतील. त्याच वाक्याला तेच लोक पुन्हा हसले. ते हसू मी शिकवलंय.

तू टेकडीपलीकडे राहतोस हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण इंजिनिअर लांब म्हणाले तेव्हा मला कुणाचाच चेहरा दिसला नाही. आता तुझा दिसतो म्हणून झोप लागत नाही. तू तिथे नसतास, दुसऱ्याच कुणाच्या दोऱ्या असत्या, तर मी आजही मान ताठ करून फिरले असते. मला खरी लाज वाटते ती याची. दुनियेला माणुसकी शिकवत फिरले, आणि माझी माणुसकी रक्ताच्या नात्याशी येऊन थांबली.

माझी मान खाली जाईल म्हणून तू गप्प बसायला निघालास. ती जाऊ दे. तिला सवय होईल.

बुधवारी दुसऱ्या भट्टीची सुनावणी आहे. चार माणसांत तुझी जीभ टाळ्याला चिकटते, हे मला माहीत आहे. माझ्याकडे भाषण लिहून मागू नकोस, मी देणार नाही. माझ्या भाषणाने व्हायचं ते झालं. धूळ गाळणारं यंत्र बसल्याशिवाय परवाना देऊ नका, एवढं बोललास तरी पुरे. मी काय म्हणाले होते तेही सांग, बहीण म्हणून झाकू नकोस. लोक माझ्याकडे वळून बघतील. बघू देत. मी पहिल्या रांगेत असेन आणि तोंड उघडणार नाही.

भावजयीला घेऊन ये. माझ्यावर लोभ ठेव असं या खेपेला मागत नाही. मागणं एकच आहे. बुधवारी ये, सगळ्यांसमोर उभा राहा, आणि माझ्या चिमणीवर हरकत घे.

ताई