आधी विचारायचं

६ ऑक्टो., सोम.
गौरीच्या शाळेत पालकांची बैठक. नावाला शाळा, पोरं सगळी अठराच्या पुढची. शिकवणाऱ्या मंजूताईंनी कापडी बाहुली घेऊन खासगी अवयव नावानिशी सांगितले. मी पदराशी चाळा करत बसले. म्हटलं, "ताई, आमची एकवीसची असली तरी मन सहा वर्षांचं." त्या म्हणाल्या, "अंग तर एकवीसचंच आहे ना?" मला पाळी आली तेव्हा आईनं कोपऱ्यातली चटई दाखवली होती. तेवढंच माझं शिक्षण.

९ ऑक्टो.
गौरीचा नवा धडा: कुणाच्या अंगाला हात लावायचा तर आधी विचारायचं. घरचा असो, दारचा असो. आज गारखेड्याच्या भाजीवाल्या चाचांना कोथिंबीर घेताना ठणकावलं, "ही माझी छाती. हात लावायचा नाय." चाचा बिचारे गाड्यामागं सरकले. "नै बेटा, बिल्कुल नै." मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मात्र पोट धरून हसले.

१२ ऑक्टो., रवि.
दादा आला दौलताबादहून, सीताफळांची पाटी घेऊन. दरवर्षीचंच. गौरी रांगत होती तेव्हापासून तिला मांडीवर घेऊन बिया काढून भरवतो. अख्ख्या भावकीत तिला वेडी न म्हणणारा तो एकटाच. आजही मांडी थोपटली, "ये गं गौरे," आणि हात धरून ओढलं.
"नाय. आधी विचार."
त्याला वाटलं गंमत. परत ओढलं. ती किंचाळलीच.
मी म्हटलं, "अगं, मामा आपलाच. मामाला चालतं."
"मग ताई खोटं बोलल्या?"
दादा तसा नाही, देवाशपथ नाही. पण आपलाच म्हणून सूट दिली, तर उद्या कुणीही येऊन मी आपलाच म्हणेल. शेवटी त्यालाच म्हटलं, "विचार की रे एकदा." तोंड उतरलं त्याचं. "मी काय परका व्हय?" चहा न घेता गेला. पाटी तशीच पडलीय. लई रडले.

२० ऑक्टो., नरक चतुर्दशी
पहाटे उटणं कालवलं. वास आला आणि दौलताबादचं परस आठवलं. आई आम्हा दोघांना पाटावर बसवून चोळायची, दादा कुडकुडत आधी मला पुढं ढकलायचा. गेले ते दिवस. गौरीला आजवर मीच न्हाऊ घालत आले. आज वाटी घेऊन गेले तर न्हाणीघराचं दार बंद.
"आई, तू विचारलं नाय."
"येऊ का गं?"
आत मग्गा वाजत राहिला. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. "फक्त पाठ."
पाठच चोळली. केवढी रुंद झालीय, बाईमाणसाची. कधी झाली…

२३ ऑक्टो., भाऊबीज
दादाचा फोन नाही. तरी ताट करून ठेवलं होतं, दाराकडं डोळे. दुपारी आला, हातात एकच सीताफळ. ओवाळलं. मग पाटावरून उठला, गौरीपासून हातभर लांब थांबला, घसा खाकरला.
"गौरे, शेजारी बसू का गं?"
साठीचा माणूस, आवाज चोरट्यासारखा.
गौरीनं त्याच्याकडं बघितलं. मग सीताफळाकडं.
"थांब. सांगते."
मी चहाला आधण ठेवून आले, तरी दादा उभाच होता.