कागदावरच्या दोन खोल्या

मी भागीरथा लटारू भानारकर, वय आधारकार्डावर एकाहत्तर, खरे त्याहून जास्त, धंदा मासेमारी व मजुरी, राहणार मौजा चिचटोला, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली, दुसरीपर्यंत शिकलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही, माझ्यावर दाब टाकणारा अजून जन्मायचा आहे. याआधी असा कागद केलेला नाही.

१. माझी तीन जाळी मुलगा धनराज, राहणार भद्रावती, याला. त्याला मासे धरता येत नाहीत, तरी त्यालाच. घर विकू म्हणून तो तीनदा आला, छपराचे कवेलू फेरायला एकदाही नाही.

२. राहत्या घराच्या दोन खोल्या, आंगण आणि सीताफळाचे झाड नात दिव्यानी, म्हणजे मुलगी कुंताची मुलगी, हिला. ती शिवणकाम करते, मला जेवू घालते आणि उलट बोलते. तिन्ही कामे नीट करते.

३. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत, नमुना आठमध्ये, माझ्या घराच्या खोल्या चार आहेत. जास्तीच्या दोनचे काय, ते सांगणे भाग आहे. एक्याण्णव साली कुंताला पाहायला पाहुणे पडवीत बसले होते आणि नेमका घरपट्टीचा माणूस टेप घेऊन आला. खोल्या किती म्हणून विचारले. पाहुण्यांचे कान इकडेच होते. मी म्हणाले, चार, मागच्या दोनमध्ये धान भरून आहे. त्याने मागे जाऊन पाहिले नाही, लिहून घेतले. सोयरीक जुळली. पाहुणे गेल्यावर नवरा एवढेच बोलला, "सांगून बसली तं आता बांधाच लागन."

बांधायला पैसे हवे म्हणून तो माजरीला कोळशाच्या कामावर गेला. तिसऱ्या वर्षी खोकला घेऊन आला, गुडघाभर पाया खोदला आणि वारला. पाया तसाच आहे. पट्टी चार खोल्यांची आहे.

त्याच मोजणीत धानगिरणीवाल्या बापूरावाचे घर गोठा म्हणून लिहिले गेले. तेव्हा तो गोठाच होता, खोटे कशाला बोलू. पुढे त्यावर माडी चढली, गुळगुळीत फरशी लागली, कागदावर गोठा तो गोठाच. चार वर्षांनी पुन्हा मोजायचे असते म्हणतात. येणारा बाबू जुन्या आकड्यावर वाढ लावतो आणि बापूरावाकडे चहा पितो. म्हणून माझी पट्टी बापूरावापेक्षा जास्त आहे. नाही भरली तर दाखला मिळत नाही, भरली तर महिनाभर भाजीत तेल नसते. साबणाच्या वडीवर त्याचा माझा कर सारखा, घरावर माझा जास्त. मग तो श्रीमंत कसा झाला हे कोणी विचारू नये.

एकदा मी खोल्या कमी करायला गेले होते. बाबू म्हणाला, खोटे सांगितले होते असे लिहून द्या. कुंताची सासू तेव्हा जिवंत होती. मी परत आले.

४. आता लिहिते ते दिव्यानीनेही पाहिले आहे, म्हणून म्हातारीला भ्रम झाला म्हणू नये. ज्या घराची पट्टी तेहेतीस वर्षे भरली, ते कुठेतरी उभे राहणारच. मागच्या श्रावणात आंगणभर चिखल होता आणि पायाची जागा कोरडी. दिव्यानीने फोटो काढला, फोटोत ती जागा ओली दिसते. कोंबडी तिकडे जाते ती दिसेनाशी होते, परत येते तेव्हा पायाला धान चिकटलेले असते. सकाळी तिथे सारवलेले असते. माझ्या हाताला शेण नसते.

एकदा चुलीपाशी बसून दिव्यानी म्हणाली, "आजी, मागं कोन खोकलून राह्यलं?"

मी म्हणाले, "भाकर पलटव. घरातलाच माणूस हाये."

म्हणून कुंताची सासू मेल्यावरही मी खोल्या कमी केल्या नाहीत. नवऱ्याला जिवंतपणी ते छप्पर मिळाले नाही, आता मिळाले ते मी कशी काढू.

बापूरावाकडे उलटे चालले आहे. त्याची सून पुनम नळावर सांगत होती, माडीच्या फरशीवर शेण पडते, खुरांचे ठसे उठतात. जिना एवढा अरुंद की शेळी चढणार नाही. दोनदा पूजा झाली. तिने मला विचारले, "बाई, वर काय चढते वो?"

"जे लिहून देल्लं ते चढते," मी म्हणाले. तेव्हापासून ती खालीच निजते.

५. माझी तेरवी आटोपताच दिव्यानीने अर्ज करावा आणि त्या दोन खोल्या कमी करून घ्याव्यात. खोटे मी सांगितले होते, हे इथे लिहून दिले आहे. पोरीच्या शिलाईच्या पैशातून माझ्या जिभेची पट्टी जाऊ नये. पण मोजायला माणूस येईल तेव्हा, टेप लावायच्या आधी, पायाजवळ उभे राहून मोठ्याने सांगावे, आजा, आजी, घर खाली करा. मग थोडे थांबावे. तो हळू चालतो.

आम्ही रस्त्यावर येणार नाही. बापूरावाची माडी कागदावर नाही. कागदावर नाही ती खोली कोणाचीच नाही, तिथे राहायला कोणाला विचारावे लागत नाही. जनावरांच्या वासाची आम्हाला सवय आहे. ज्या दिवशी माडीची पट्टी मागच्या सगळ्या वर्षांसकट भरली जाईल, त्या दिवशी पावती जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवावी. आम्ही निघून जाऊ. त्याआधी नाही.

ठिकाण चिचटोला, दिनांक ३० मार्च २०२४. लिहिणारीची सही, भागीरथा.

साक्षीदार पहिली, कलाबाई डोमा मेश्राम, अंगठा. सगळे ऐकून लावला आणि हसली नाही.

साक्षीदार दुसरा, बापूराव नाकाडे, गिरणीवाले, सही. वाचून पाहा म्हटले तर म्हणाले, "तुमच्यापाशी द्याले हाये तरी काय, बाई?" दोन्ही पानांवर सही केली. करताना, मागे कोण खोकलले म्हणून विचारले. मी म्हणाले, ओळख होईल.