भुरी मांजर मायनं सोडली नव्हती

आबा,

तुला जाऊन पंचवीस वर्षं झाली. आणि भुरी मांजर मायनं सोडली नव्हती, मी सोडली. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, आता उरलेलं सावकाश लिहिते. रॉकेल मिळेनासं झालंय, म्हणून दिवसाउजेडीच ओसरीवर बसले आहे.

प्रकाशा गावाच्या घाटावर तू नाव चालवायचास आणि आपलं झोपडं मांजरांनी भरलेलं असायचं. मांजर मारलं तर पाप फेडायला काशी गाठावी लागते, म्हणून मारत कुणी नसे. पोत्यात घालून नदीपार सोडून येत. या काठचे लोक त्या काठाला, त्या काठचे या काठाला. देवळात आलेले यात्रेकरूसुद्धा दर्शन घेत, प्रसाद बांधून घेत आणि जाता जाता पोतं रिकामं करत. परतीची वाट कळू नये म्हणून पोत्याचं तोंड गच्च बांधायचं आणि सोडण्याआधी तीन वेळा गरगर फिरवायचं, अशी रीतच पडली होती. तू कुणाला नावेत घ्यायला नाही म्हणाला नाहीस. फक्त म्हणायचास, "पोतानं तोंड सोडा. तिले नदी तं देखू द्या." माणसं नाक मुरडत. ती पांगली, की परतीच्या खेपेला तू ते मांजर उचलून घरी आणायचास. माय कपाळावर हात मारून घ्यायची. "ही नाव माणसेस्नी शे का मांजरेस्नी?" असं विचारता विचारताच ती ताकात भाकरी कुस्करायला बसायची.

भुरी अशीच आली. म्हसावदच्या एका बाईनं तिला टाकली होती. एक कान फाटका, रंग वाळक्या गवताचा, आणि नखरा सावकारणीचा. तुझ्या मांडीशिवाय कुठं बसायची नाही. माझ्या मांडीवर एकदाही आली नाही, याचा मला राग होता. आता लिहायलाच बसले आहे तर तेही लिहून टाकते.

कार्तिकाचे दिवस होते. धाकटा भाऊ तापानं फणफणलेला, त्याच्यासाठी शेळीचं दूध चुलीपाशी ठेवलेलं. माय मला राखण करायला सांगून कपाशी वेचायला गेली, आणि मी झाकण न घालताच शेजारी सागरगोटे खेळायला पळाले. आले तर दूध जमिनीवर, भुरी मिशा चाटतेय आणि पोरगा रडून रडून निळा पडलाय. चूक माझी होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच मला ती डोळ्यासमोर नको झाली. दुसऱ्या दिवशी तू दोर आणायला शहाद्याला गेलेला, नावेवर काका. पोती रोजचीच, त्यानं मानही वर केली नाही. मी पोत्याचं तोंड गच्च आवळलं आहे. पलीकडे उतरून तीन वेळा फिरवते. बाभळीत नेऊन सोडते. मला वाटलं होतं, ती धूम ठोकेल. ती तिथंच बसून पंजा चाटायला लागली. पळाले ती मी.

तीन दिवस तू पलीकडच्या रानात हाका मारत हिंडलास. तळपायात काटे घेऊन आलास आणि आम्हा दोघींना समोर उभं केलंस. भुरी कुणी सोडली, विचारलंस. मायनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मी सोडी दिनी तिले." तू आवाज चढवला नाहीस. "तुन्हा हातनं पानी बी नको माले," एवढंच बोललास. होळीपर्यंत तू स्वतःच्या भाकरी स्वतः थापल्यास, करपवल्यास आणि तशाच खाल्ल्यास. पुढं राग निवला, पण पाहुणे आले की तू मायकडं बोट करून, मांजर सोडणारी ती हीच, असं हसत सांगायचास. मायही हसायची. तिचं ते हसणं मला आजही सोसत नाही.

तू शेवटच्या तापात पडलास तेव्हा तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "सांगी दे आते." मी तुझ्या उशाशी जाऊन बसले, आणि पेज घेतोस का, एवढं विचारून उठले.

माय आता माझ्याकडं असते. तिला दिसत नाही, आणि जुन्या गोष्टींची तिच्या डोक्यात सरमिसळ झाली आहे. ही म्हातारी कुणाला परत पाठवत नाही हे गल्लीला ठाऊक आहे, म्हणून नको झालेली मांजरं आमच्या दारात येऊन पडतात. हे पत्र टाकायचं तर तुझ्या पत्त्यावर नाही, तिच्या कानात टाकायला हवं. ते माझ्यानं होत नाही. आज सकाळी कुणीतरी टोपलीत तीन पिल्लं ठेवून गेलं. तिनं ती चाचपून पदरात घेतली आणि मला म्हणाली, "मन्हा हाते पाप झायं, वं. भुरीले मी सोडी दिनी. तुन्हा आबा माफ करी का माले?"

मी समोरच बसले होते. म्हटलं, "करी, माय, करी."